एक जूनची माणसं

माझा वाढदिवस एक जून. आधार कार्डावर, पॅन कार्डावर, नोकरीच्या सेवापुस्तकात, बँकेत, सगळीकडे एक जून. त्या दिवशी उजाडल्यापासून मोबाईल नुसता टुणटुणत असतो. बँक शुभेच्छा देते, विमावाले शुभेच्छा देतात, कुठलंसं चष्म्याचं दुकान सवलत देतं. मी एकेक मेसेज उघडते आणि पुसून टाकते. जळ्ळं मेलं ते लक्षण. तो माझा वाढदिवस नाही. तो एका माणसाच्या आळसाचा वाढदिवस आहे, आणि त्या माणसावर मी जन्मभर डूख धरून आहे.

आमच्या पिढीत एक जूनवाले पैशाला पासरी. शाळेत नाव घालताना मास्तर तारीख विचारायचे, आईबापांना इंग्रजी महिने ठाऊक नसायचे, मग मास्तर आपले एक जून ठोकून मोकळे व्हायचे. जूनमध्ये शाळा सुरू, वय मोजायला सोपं. मी रत्नागिरीत ज्या ऑफिसात कारकुनी केली तिथे तर निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा आणि साहेब एका केकवर सगळ्यांची बोळवण करायचे. सगळे हसायचे. मीही हसले असते, माझ्या आईला दिवस सांगता आला नसता तर. पण तिला आला होता. तिने सांगितला होता.

आमचं गाव रत्नागिरीपासून बरंच आत, डोंगराच्या पलीकडे. वडील मुंबईला एका गोदामात कामाला, त्यामुळे शाळेत घालायला आईच घेऊन गेली. गुरुजी तेव्हा नवेच आलेले, मिसरूडही धड फुटलेलं नाही, पण सगळा गाव गुरुजी-गुरुजी करायचा. आई म्हणाली, शिमग्याची पालखी आमच्या दारात आलेली, मी देवीची ओटी भरायला उठले नि कळ आली, तेव्हा ही झाली. आमच्याकडे होळीनंतर कुठल्या दिवशी पालखी कुठल्या वाडीत जाणार हे ठरलेलं असतं, त्यात बदल म्हणून नाही. म्हणजे त्या वर्षाचं पंचांग हातात घेतलं असतं तर चहा निवायच्या आत तारीख निघाली असती. आणि मागच्या वर्षांची पंचांगं गुरुजीच्या पाठीमागेच खिळ्याला लटकत होती. त्याने मान वळवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. पालखी दरवर्षी येते बाई, सरकारला तारीख लागते, असं म्हणाला आणि एक जून लिहून टाकलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी सोडून दिलं असतं. आईनेही फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं.

पण गुरुजी हौशी. त्याने शाळेत दिनविशेष सुरू केला. प्रार्थनेनंतर फळ्यावर रंगीत खडूने लिहायचा: इतिहासात आज काय झालं, आज कुठला सण, त्याची परंपरा काय, आज कुठल्या थोर माणसाचा जन्म, आणि एक नवा शब्द. मला त्याचं वेड लागलं. खोटं कशाला बोलू, तारखांची गोडी मला त्यानेच लावली. मग त्याने आणखी एक टूम काढली. ज्या मुलाचा वाढदिवस असेल त्याला पुढे पडवीत उभं करायचं, त्याचं नाव फळ्यावर थोरांच्या खाली लिहायचं आणि सगळ्या शाळेने टाळ्या वाजवायच्या. सरपंचांच्या मुलीसाठी टाळ्या वाजल्या. पोस्टमनच्या मुलासाठी वाजल्या. बाकी आम्ही सगळे एक जूनचे, आणि एक जूनला शाळेची मे महिन्याची सुट्टी संपलेली नसायची. आमच्यासाठी टाळ्या कधी वाजायच्याच नव्हत्या.

मी घरी येऊन भोकाड पसरलं. आई म्हणाली, रडतेस कशाला, तुझा दिवस मला ठाऊक आहे ना. आणि त्या वर्षी आमच्या वाडीत पालखी यायच्या दिवशी तिने मला वडिलांनी मुंबईहून पाठवलेला फ्रॉक घातला. घरात सारवण अर्धं पडलेलं, देवीच्या ओटीची तयारी व्हायची होती, तरी ती ताटात गूळखोबरं घेऊन, वर फडकं झाकून माझ्याबरोबर शाळेत आली. प्रार्थना संपली होती. आईने गुरुजीला सांगितलं की आज पोरीचा वाढदिवस आहे, तिचं नाव लिवा.

गुरुजी आत गेला, शाळेचं रजिस्टर घेऊन आला, सगळ्यांसमोर ते उघडलं आणि म्हणाला की हिचा वाढदिवस एक जूनला आहे, एका माणसाचे दोन-दोन वाढदिवस असतात का रे? पोरं खिदळली.

“एक जून तुमी लिवलात,” आई म्हणाली. “हा दिवस माझा हाय.”

“तुमच्या तोंडी शब्दावर शाळा चालत नाही, बाई,” गुरुजी म्हणाला.

पोरं पुन्हा हसली, कारण गुरुजी हसत होता. आई ताट घेऊन तशीच उभी राहिली. तिचा एक हात ताटाखाली होता आणि दुसऱ्या हाताने तिने पदराचं टोक घट्ट धरलं होतं. ती काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. तिने ताटावरचं फडकं पुन्हा नीट झाकलं आणि ती निघून गेली. मी नव्या फ्रॉकात ओळीत उभी होते आणि गुरुजी पुढचा शब्द समजावून सांगत होता.

संध्याकाळी पालखी आली. आईने ओटी भरली, नारळ ठेवला, सगळं यथासांग केलं. पण त्यानंतर तिने माझा दिवस पुन्हा कधी उच्चारला नाही. मी मुद्दाम विचारायची, आई, आज पालखी, आज माझा दिवस ना? ती म्हणायची, तुझा एक जून. पुढे मी रत्नागिरीला आले, नोकरीला लागले, संसार झाला, आणि ती दरवर्षी न चुकता एक जूनला फोन करून मला शुभेच्छा द्यायची. मला जन्म देणारी बाई, तिच्या अंगातून मी निघाले, आणि तिला मास्तराच्या रजिस्टरापुढे स्वतःचं बाळंतपण खोटं ठरवावं लागलं. पुढे आधार कार्ड काढताना तिलाही कुणीतरी एक जानेवारी चिकटवली.  बोलायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. ती गेली तेव्हा मला सगळ्यात आधी आठवलं ते झाकलेलं ताट, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

आता गंमत बघा. निवृत्त झाल्यावर मी काय करावं? बाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं एक छोटं वाचनालय आहे, त्याच्या बाहेर एक फळा आहे, त्यावर मी रोज सकाळी दिनविशेष लिहिते. त्याने लावलेली खोड, दुसरं काय. इतिहास, परंपरा, वाढदिवस, आजचा शब्द. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास कधी सुरू झाला, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ का देतात, मोहरमचा ताजिया कुठल्या मोहल्ल्यातून निघतो, सगळं असतं. घमेलं आणि पगार पोर्तुगिजांकडून आले हे मी लिहिलं तेव्हा मासळीवाल्या बायकांनी मला थांबवून विचारलं की मग टोपली कुणाची. लोक फळ्याचे फोटो काढतात, ते मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत जातात, जयगडला बंदरावर कामाला जाणारी पोरं बसमध्ये वाचतात. फळ्यावर आलंय म्हटलं की विषय संपला. गावातल्या मानकऱ्यांना तर आपला वाढदिवस फळ्यावर यावा म्हणून काय काय सुचतं ते विचारू नका.

एके दिवशी मी लिहून हात झटकत होते, तर पाठीमागून आवाज आला की बाई, आज संकष्टी, चंद्रोदयाची वेळ राहिली. हातातल्या काठीने फळ्यावरची जागाही दाखवली. मी वळले. टक्कल, जाड भिंगं, कमरेतून वाकलेला, पण आवाज तोच. गुरुजी. आता रत्नागिरीत मुलाकडे राहायला आला होता. त्याने मला ओळखलं नाही. कसं ओळखणार, एक जूनच्या ढिगातली मी. मी म्हटलं, हो गुरुजी, लिहिते. तोंडाने गुरुजी, अहो-जाहो, आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्या, थांब. कधीतरी तावडीत सापडशील.

तो रोज यायचा. रोज काहीतरी चूक काढायचा, आणि शिंचा बरोबर असायचा. मी माझ्या परीने उट्टं काढत होते. आजचा शब्द म्हणून ‘पाणउतारा’ लिहिला. दुसऱ्या दिवशी ‘डूख’ लिहिला आणि खाली अर्थ दिला: सापाने मनात धरून ठेवलेला राग. गुरुजी कौतुकाने मान हलवत म्हणाला की काय सुंदर शब्द, हल्ली कोण वापरतं. मी खडू मुठीत आवळला.

मग मागच्या मार्गशीर्षात त्याचा मुलगा वाचनालयात आला. भला माणूस, बांधकामाची कामं घेतो. म्हणाला, मॅडम, बाबांना एक्क्याऐंशी पुरी होतायत, सहस्रचंद्रदर्शन करतोय. हजार पौर्णिमा बघून झाल्या म्हणून आपल्याकडे करतात ते. हॉल घेतलाय, शाल, आरत्या, जेवण, सगळं आहे. पण बाबा सारखं एकच विचारतायत, फळ्यावर येईल का? दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी त्यांची जन्मतिथी. एवढं कराल का?

माझ्या मनात लाडू फुटले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आपल्या पायांनी चालत दारात आलं होतं.

मी तोंड शक्य तितकं गंभीर करून म्हटलं, फळ्यावर वाढदिवस टाकायला पुरावा लागतो. असा काही नियम नव्हता. मी तो तिथल्या तिथे केला. मुलाने बिचाऱ्याने मोबाईलमध्ये आधार कार्ड काढून दाखवलं. त्यावर जुलैतली तारीख. मी म्हटलं, मग जुलैत या. तो ओशाळून म्हणाला, ते कागदावरचं हो, शाळेत कुणीतरी घातलेलं. खरा जन्म मार्गशीर्षातला, आजी सांगायची, औक्षणही दरवर्षी त्या तिथीलाच.

 म्हणजे या माणसाचे स्वतःचे दोन वाढदिवस होते. एक कागदाचा आणि एक आईचा. आईचा त्याने जन्मभर जपला, दरवर्षी त्या तिथीला औक्षण करून घेतलं, आता त्याच हिशोबाने हजार चंद्र मोजायला निघाला. आणि माझ्या आईला विचारलं काय, तर एका माणसाचे दोन वाढदिवस असतात का रे! मला तिथल्या तिथे मुलाला सगळं ऐकवावंसं वाटलं, पण त्याचा काय दोष. मी एवढंच म्हटलं की पुरावा नाही तर फळ्यावर नाही.

चार-दोन लोकांनी मध्यस्थी केली. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, जाऊ द्या हो, म्हातारा माणूस, दोन ओळींचा प्रश्न. मी म्हटलं, मग उद्यापासून फळा तुम्ही लिहा. अध्यक्षांना सकाळी उठणं जमत नाही. त्यांनी विषय सोडला. माझ्या नवऱ्यालाही सगळं माहीत होतं, तो म्हणाला, किती वर्षं धरून बसणार आहेस? मी म्हटलं, तिच्या जागी तुझी आई असती तर तू काय केलं असतंस? त्यानेही विषय सोडला.

सोहळ्याच्या काही दिवस आधी गुरुजी स्वतः आला. रिक्षातून, बरोबर मुलगा आणि मुलाच्या हाताला धरून एक अगदी वाळलेली म्हातारी, नऊवारी नेसलेली. ती गुरुजीची थोरली बहीण. खेडहून मुद्दाम आणवली होती. फळ्यापुढे सकाळची गर्दी होती, रिक्षावाले होते, वर्तमानपत्र वाचायला आलेले पेन्शनर होते. गुरुजी म्हणाला की तुम्हाला पुरावा हवा ना, ही माझी अक्का, मी झालो तेव्हा घरात होती, ही सांगेल.

माझ्याकडे वाक्य तयार होतं. तुमच्या तोंडी शब्दावर फळा चालत नाही. किती वर्षं मी ते तोंडात घोळवलं होतं. भाकरी थापताना, ऑफिसात फायली लावताना, आईच्या दहाव्याला. आज तो समोर होता आणि ऐकायला माणसंही होती. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात अक्का बोलायला लागली. “अगो बाय, मी सांगत्ये तुला. सुईण वेळेवर आली नाही. पाण्याचा हंडा चुलीवर मी ठेवलेला. दुसऱ्या दिवशी मला दत्ताच्या पाळण्याला जायचं होतं, तर आई म्हणाली, जाऊ नको, आपल्याच घरात पाळणा हललाय.” आणि बोलता बोलता तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

ते वाक्य मी तोंडातच ठेवलं. ज्याच्यासाठी ठेवलं होतं तो बाजूला उभा, आणि ते लागणार हिला. ही बाई इतक्या लांबून आपला शब्द घेऊन आलेली, आणि मी तिला सगळ्यांपुढे परत पाठवणार? मग त्याच्यात नि माझ्यात फरक काय राहिला? हिला नाही बोलणार मी, मेले तरी नाही. पण त्यालाही सोडणार नाही.

मी गुरुजीकडे वळले. विचारलं, अक्का सांगतायत ते खरं धरायचं? तो म्हणाला, अर्थात. मी म्हटलं, कागदावर तर वेगळं आहे. तो जरा चिडला. काठी आपटून म्हणाला की कागदाला काय कळतंय, कागद तिथे होता का, ही तिथे होती.

“मग बाईच्या तोंडी शब्दावर लिहू? सगळ्यांसमोर सांगा, गुरुजी.”

“लिहा. ती सांगत्येय ते खरं.”

तेव्हा मी सांगितलं. आवाज चढवला नाही. गाव सांगितलं, शाळा सांगितली, पालखी, नवा फ्रॉक, गूळखोबरं, रजिस्टर, आणि त्याचं वाक्य त्याच्याच चालीवर म्हणून दाखवलं. पेन्शनरांनी वर्तमानपत्रं खाली केली. गुरुजीने चष्मा सारखा करून मला निरखलं. मग म्हणाला, तू त्या शाळेतली? आणि मी मान हलवल्यावर म्हणाला, अगं, अशा कितीतरी आया यायच्या. कुणी म्हणे पालखी, कुणी म्हणे भात झोडलं त्या दिवशी. सगळ्यांचं कुठे काढत बसणार होतो?

कितीतरी. त्या एका शब्दाने मी पुन्हा पेटले.

“पंचांगं तुमच्या पाठीमागे खिळ्याला होती, गुरुजी,” मी म्हटलं.

 अक्काला थोडं कमी ऐकू येत होतं, पण सगळं पोहोचलं असावं. तिने भावाकडे वळून विचारलं, असं केलंस तू? आपल्या आईला कुणी असं बोललं असतं तर? गुरुजी काठी टेकत रिक्षाकडे वळला. मुलाने दोघांना रिक्षात बसवलं.

शब्द दिला तो दिला. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं. गुरुजीचं पूर्ण नाव, वळणदार अक्षरात, सहस्रचंद्रदर्शन, जन्म मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी. आणि खाली लाल खडूने: आधार, बहिणीचा शब्द. लोकांनी फोटो काढले, एकमेकांना विचारलं, ही शेवटची ओळ कशाला? ज्यांनी आधीचा प्रकार बघितला होता त्यांनी बाकीच्यांना सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्या आळीला माहीत झालं होतं. संध्याकाळी मी हॉलवर जाऊन जेवूनही आले. जिलबी चांगली होती.

आता ही गप्प बसेल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं होतं. पण शिमगा आला आणि माझ्या हाताला कंड सुटली. आमच्या वाडीत पालखी यायच्या दिवशी मी वाढदिवसाच्या जागी माझं नाव लिहिलं आणि पुढे: हा फळा लिहिणारीचा आज जन्मदिवस, पालखी दारात असताना. आधार, आईचा शब्द. लिहिताना खडू दोनदा मोडला. स्वतःचं नाव फळ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होते. पाठीमागे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण रिक्षावाल्याने एक हॉर्न दिला. गुरुजी नेहमीच्या वेळेला आला, वाचलं, त्या दिवशी एकही चूक काढली नाही, आणि गेला.

त्या फोटोनंतर मात्र लोकच यायला लागले. तोच रिक्षावाला म्हणाला, मीपण एक जूनचा, पण आई म्हणायची गावात पहिल्यांदा वीज आली त्या दिवशीचा. समुद्रकाठच्या भाट्याकडचे एक काका, होड्या नारळी पौर्णिमेला दर्यात गेल्या आणि त्यांचा जन्म. एक बाई म्हणाल्या, माझे वडील धम्मदीक्षा घेऊन नागपूरहून परत आले, उंबऱ्यात पाय ठेवला आणि आतून माझं रडणं ऐकलं, असं आई सांगायची. एकांची अम्मी सांगायची, सत्ताविसावा रोजा. मी वाचनालयातली जुनी पंचांगं काढली, गावोगावी फोन केले, एकेकाचा दिवस शोधून काढला. काहींना तर साठाव्या वर्षी कळलं की आपण थंडीत जन्मलो. एक रिटायर्ड कंडक्टर तर हे ऐकून बाकड्यावर बसून रडला. आणि आमच्या गावाकडची, गुरुजीच्याच हाताखालची माणसं मुंबईहून फोन करायला लागली. माझ्या ओळीत उभी राहून हसलेली होती ती. त्यांच्याही आया येऊन परत गेल्या होत्या.

तेव्हापासून फळ्यावर जवळजवळ रोज एक नाव असतं. खाली तीच ओळ: आधार, आईचा शब्द. आणि गुरुजी रोज सकाळी येऊन ते वाचतो. त्याची शाळा असेल तर मी शाळेचं नावही घालते. का घालू नये?

मुलगा एकदा हात जोडून आला. म्हणाला, मॅडम, आता पुरे करा, बाबा नीट जेवत नाहीत. मी म्हटलं, त्यांना म्हणावं, वाचायला येऊ नका. तो म्हणाला, किती सांगितलं, ऐकत नाहीत, सकाळी सदरा घालून तयार असतात. मला त्याचं वाईट वाटलं. लिहायचं मी थांबवलं नाही.

या एक जूनला मी वाढदिवसाच्या जागी लिहिलं: आज कुणाचाही वाढदिवस नाही. एक बाई तणतणत आल्या की मी सिव्हिल हॉस्पिटलात खरीखुरी एक जूनला जन्मले, माझं काय? त्यांना मी लगेच टाकलं, खरी एक जून असं लिहून. त्यांना पेढे वाटायचे होते, मीही खाल्ला.

गुरुजी त्या दिवशी इतरांसारखा वाचून गेला नाही. गर्दी पांगेपर्यंत काठीवर भार देऊन उभाच राहिला. मग जवळ आला. शिमग्यानंतर तो माझ्याशी पहिल्यांदा बोलत होता.

“तुझ्या आईचं मी खूप आठवून बघितलं,” तो म्हणाला. “ताट, फडकं, सगळं. मला आठवत नाही गं. खोटं कशाला सांगू.”

मी तयारीत होते ती माफीच्या. माफी मागितली असती तर मी काय म्हणायचं तेही ठरवलेलं होतं. पण हे मला कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की ती सकाळ जशी माझ्या डोक्यात आहे तशी त्याच्याही डोक्यात कुठेतरी असणार. मी त्याला तिथूनच खेचून काढणार होते. आणि तिथे काही नव्हतंच. आई गेली, पोरं विसरली, आता त्या पडवीत ताट घेऊन उभी असलेली माझी आई फक्त मलाच दिसते. मी गेले की ती तिथे नव्हतीच. माझे डोळे भरून आले. पण त्याच्यापुढे रडणार नव्हते, तीही रडली नव्हती.

“आठवेल तेव्हा सांगा, गुरुजी,” मी म्हटलं. “तोवर मी लिहितेय.”

 दुसऱ्या दिवशी मी खडू घेऊन बाहेर आले, तर फळा अजून कोराच होता आणि मी काय लिहिते ते बघायला गुरुजी माझ्या आधी येऊन उभा होता.